वाऱ्याच्या किनाऱ्यावर पक्षी पाहताना : आंजर्ले-हर्णै परिसरातील एका दिवसाची आखणी

कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पक्षी पाहण्यासाठी एक पूर्ण दिवस काढायचा असेल, तर त्या दिवसाचे वेळापत्रक भरती, वारा आणि ऊन या तीन गोष्टींवरून आखावे. जंगलातल्या पक्षीनिरीक्षणात पहाटे लवकर निघणे पुरेसे असते. किनाऱ्यावर मात्र पहाटे पोहोचूनही पाणी अर्धा किलोमीटर आत गेलेले असेल, तर पक्षी ठिपक्यांएवढे दिसतात, आणि दुपारी पुळणीवर उभे राहिले तर समोरून येणारा वारा आणि पाण्यावरून चकाकणारे ऊन दुर्बीण स्थिर राहू देत नाही. या तिन्हींचा मेळ बसवला, तर त्याच किनाऱ्यावर त्याच दिवशी पक्षी आपण होऊन जवळ येतात. हा मेळ कसा बसवायचा, हे दापोली तालुक्यातील आंजर्ले आणि हर्णै या दोन शेजारच्या गावांच्या आधाराने पुढे सांगितले आहे. येथे लांब पुळण, जोग नदीची खाडी, कातळाचे कडे आणि मासेमारी बंदर हे सगळे काही किलोमीटरांच्या आत आहे. ज्यांना अलिबागजवळचे आक्षी किंवा मालवणकडचा किनारा सोयीचा आहे, त्यांनाही ही पद्धत थोड्याफार फरकाने लागू पडेल.

दिवस निवडताना

उथळ पाण्यात आणि चिखलात चरणारे स्थलांतरित पक्षी ऑगस्टच्या अखेरीपासून येऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत थोडेबहुत राहतात; कुरव (गल) मात्र ऑक्टोबरनंतर जमतात आणि मार्चमध्ये पांगू लागतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचा काळ म्हणूनच सर्वांत भरवशाचा असतो. या काळात कोकणात वाऱ्याचा दिनक्रम बहुधा ठरलेला असतो. रात्री आणि सकाळी जमिनीवरून समुद्राकडे हलका मतलई वारा वाहतो, सकाळी उशिरा तो पडतो, आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो, जो वायव्येकडून येत येत संध्याकाळपर्यंत चांगलाच जोर धरतो.

आता भरतीची वेळ. किनाऱ्यावरची जुनी माणसे पंचांगावरून ती तोंडी काढतात : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारी पाणी चढलेले असणार. मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्यातून नेमकी वेळ तपासून घ्यावीच, पण महिनाभर आधी सुटी ठरवायची असेल तेव्हा हा हिशेब अतिशय उपयोगी पडतो.

माझ्या मते एका दिवसाच्या निरीक्षणासाठी एकादशी ते त्रयोदशी या तिथी सर्वोत्तम आहेत, मग पक्ष शुक्ल असो वा कृष्ण. द्वादशीला पूर्ण भरती सकाळी नऊच्या सुमारास येते. उजाडते तेव्हा पाणी चढत असते, चरणारे पक्षी त्याच्यासोबत किनाऱ्याकडे सरकत असतात, आणि दुपारी तीनच्या आसपास पूर्ण ओहोटी होऊन खाडीतला चिखल उघडा पडतो. सकाळ पुळणीला आणि दुपार खाडीला अशी दिवसाची वाटणी आपोआप होते. अष्टमी-नवमीच्या भांगाच्या दिवसांत पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही, त्यामुळे पक्षी लांबवर विखुरलेले राहतात. उधाणाला मुंबईपाशी भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहून अधिक असतो आणि दक्षिणेकडे तो कमी होत जातो, हेही ध्यानात ठेवावे. वेंगुर्ल्याच्या बाजूला अलिबागइतका चिखल उघडा पडेल, अशी अपेक्षा करू नये.

पश्चिम किनाऱ्याची आणखी एक सोय आहे, जिचा फायदा फार थोडे लोक घेतात. सकाळी समुद्राकडे तोंड करून उभे राहिलो, तर ऊनही पाठीवर असते आणि मतलई वाराही पाठीवर असतो. दुपारनंतर खाडीच्या मुखाकडे पाठ करून आतल्या बाजूला, पूर्वेकडे पाहिले, तर मावळतीकडचे ऊन आणि खारा वारा पुन्हा पाठीवरच येतात. दिवसभरात कोठे आणि केव्हा उभे राहायचे, याचे उत्तर एवढ्यातच आहे.

सोबत काय घ्यावे

वाऱ्याच्या जागी १० पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीपेक्षा ८ × ४२ ची (८ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण अधिक कामाची ठरते, कारण जितके मोठे दिसते तितका हाताचा कंपही मोठा होतो. स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने पाहायची दुर्बीण) असेल तर तो २० ते ३० पटींच्या पुढे नेण्यात अर्थ नसतो. ट्रायपॉडचे पाय अर्ध्यापर्यंतच उघडावेत, रुंद पसरावेत, मधल्या दांड्याला पाठीवरची पिशवी अडकवून वजन द्यावे आणि वाळूत बसून पाहावे. दुर्बिणीचा आणि स्कोपचा मोकळा फडफडणारा पट्टा गुंडाळून ठेवावा. एवढ्याने कंप पुष्कळ कमी होतो. स्कोप नसला तरी काही बिघडत नाही, पण मग बसण्याची जागा निवडण्यात अधिक लक्ष घालावे लागते : ओढून ठेवलेल्या होडीचा आडोसा, सुरूच्या बनाची कड किंवा कातळाचा खाचा यांपैकी काहीही चालते.

खारे तुषार आणि उडणारी वाळू हे भिंगांचे खरे शत्रू आहेत. भिंगावर वाळू किंवा मिठाचा थर बसला असताना ती कोरड्या कापडाने कधीही पुसू नये. आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने कण उडवावेत, मग गोड्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने टिपून घ्यावे आणि शेवटी कोरडे करावे. त्यासाठी पाण्याची एक लहान बाटली वेगळी ठेवावी. कपडे मातकट किंवा फिके असावेत, टोपीला हनुवटीखालून बांधायची दोरी असावी, आणि पायांत ओले झाले तरी चालतील असे सँडल असावेत.

सकाळची पुळण

सूर्योदयापूर्वी अर्धा तास आंजर्ल्याच्या पुळणीवर पोहोचावे आणि खाडीच्या मुखाकडच्या टोकाला जावे, कारण पुळण आणि खाडी मिळतात तेथे खाद्य भरपूर असते आणि माणसांची वर्दळ कमी. मर्यादवेलीच्या पट्ट्यापर्यंतच चालावे, ओल्या वाळूवर उतरू नये. एक जागा धरून तेथे किमान तासभर बसावे. चढते पाणी पक्ष्यांना आपल्या दिशेने आणत असते, त्यामुळे त्यांच्याकडे चालत जाण्याची गरजच उरत नाही.

सर्वांत आधी नजरेत भरतात ते सँडरलिंग. लाट परतली की तिच्या मागोमाग धावत जायचे, ओल्या वाळूत चोच खुपसायची आणि पुढची लाट येताच उलट पळायचे, असा त्यांचा अखंड क्रम चालू असतो. हिवाळ्यातील त्यांचा पिसारा इतका फिकट असतो की इतर लहान पक्ष्यांच्या मेळ्यात ते पांढरेच वाटतात, आणि खांद्यापाशी बहुधा एक काळपट डाग दिसतो. उत्तर ध्रुवालगतच्या प्रदेशात प्रजनन करून हे मूठभर वजनाचे पक्षी येथे येतात.

त्यांच्या मागे, थोड्या कोरड्या वाळूवर, चिखल्ये (प्लोव्हर) असतात. त्यांतील दोन नेहमीचे प्रकार ओळखता आले की पुढची बरीच कामे सोपी होतात. केंटिश चिखल्याच्या मानेभोवती पांढरी पट्टी पूर्ण फिरलेली असते आणि छातीच्या दोन्ही बाजूंना लहान गडद डाग असतात, जे मध्ये जुळत नाहीत. वाळू चिखल्याच्या मानेमागे पांढरी पट्टी नसते, तेथे पाठीचाच राखट-तपकिरी रंग सलग वर गेलेला दिसतो. वाळू चिखल्यांमध्येही लहान आणि मोठा असे प्रकार आहेत. त्यासाठी चोचीची लांबी आणि जाडी, पायांची लांबी आणि डोक्याचा आकार पाहावा लागतो, आणि एकटा पक्षी समोर असेल तर घाईने नाव ठरवू नये. दोघे शेजारी उभे राहिले की फरक सहज कळतो. चिखल्यांची चरण्याची रीतही वेगळी आहे. ते काही पावले पळतात, थबकतात, पाहतात आणि मग चोच मारतात, कारण ते डोळ्यांनी भक्ष्य शोधतात. तुतवार (सँडपायपर) आणि त्यांचे भाईबंद सतत चालत चोचीने चिखल चाचपडत असतात. दूरवरच्या ठिपक्याचे कूळ ओळखायला रंगापेक्षा ही चाल अधिक विश्वासार्ह असते.

कातळाच्या कडेला शेवाळ आणि कालवे असलेल्या भागात रडी टर्नस्टोन मिळण्याची शक्यता असते. आखूड नारिंगी पाय, छातीवर काळपट नक्षी आणि खडे, शिंपले, शेवाळाच्या गुठळ्या चोचीने उलथून खालचे किडे खाण्याची सवय यांवरून तो चुकत नाही. त्याच कातळावर पाटीसारख्या निळसर करड्या रंगाचा समुद्री बगळा पाण्यात टक लावून उभा असतो. त्याच्या गळ्यावर पांढरा डाग असतो. याच जातीत पूर्ण पांढरे पक्षीही असतात, आणि ते छोट्या बगळ्याशी गोंधळात टाकतात. अशा वेळी चोच पाहावी, कारण समुद्री बगळ्याची चोच जाडसर आणि बहुधा पिवळट-तपकिरी असते, छोट्या बगळ्याची सडसडीत आणि काळी.

भरतीला तासभर उरला की चरणे थांबू लागते आणि पक्षी पुळणीच्या वरच्या भागात एकत्र येऊन विश्रांती घेतात. दिवसातला हा सर्वांत मोलाचा वेळ आहे आणि याच वेळी सर्वांत जास्त संयम लागतो. वाऱ्यात पिसे विस्कटू नयेत म्हणून सगळे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात. सकाळी मतलई वारा असेपर्यंत थवा जमिनीकडे, म्हणजे आपल्याचकडे, तोंड करून असतो आणि छाती व चेहरा नीट दिसतो. वारा पडून समुद्राकडून पहिली झुळूक आली की एकेक पक्षी उठून वळू लागतो, आणि थोड्याच वेळात सगळ्यांच्या पाठी आपल्याकडे होतात. म्हणून छातीवरच्या खुणा वारा फिरण्याआधी टिपून घ्याव्यात. त्यानंतर थव्याला वळसा घालून, वाऱ्याच्या रेषेला काटकोन होईल अशा बाजूला, बऱ्याच अंतरावरून जाऊन बसावे, म्हणजे प्रत्येक पक्षी बाजूने दिसतो आणि चोच, पाय, पंखांची लांबी या तिन्ही गोष्टी एकदम कळतात. वारा वाढला की लहान चिखल्ये गुरांच्या खुरांच्या किंवा माणसांच्या पावलांच्या खळग्यांत, नाहीतर भरतीने टाकलेल्या काडीकचऱ्यामागे दबून बसतात. रिकाम्या वाटणाऱ्या वाळूवर दुर्बीण सावकाश फिरवली की असा एकेक खळगा डोळे असलेला निघतो.

उतरणारा थवा नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने येतो. म्हणजे वायव्येचा वारा असेल तर सुरय (टर्न) आणि कुरव आग्नेयेकडून थव्यात शिरतील. त्या बाजूला आधीच नजर ठेवली तर पंखांची वरची आणि खालची दोन्ही बाजू पाहायला मिळते, आणि छायाचित्र काढणाऱ्यांनाही समोरून येणारा पक्षी मिळतो.

अंतराबाबत मात्र कठोर राहावे. थवा मान वर करू लागला, एका पायावर उभे असलेले पक्षी दुसरा पाय टेकवू लागले किंवा चालत दूर सरकू लागले, की आपण जास्त जवळ आलो आहोत असे समजावे आणि लगेच थांबावे, शक्य तर दोन पावले मागे जावे. ओहोटीच्या काही तासांतच त्यांना पोट भरायचे असते, आणि भरतीतली विश्रांती मोडली की साठवलेली शक्ती उगाच खर्च होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर हीच शक्ती परतीच्या प्रवासासाठी लागणारी असते. उडत्या थव्याच्या छायाचित्रासाठी मुद्दाम पक्षी उठवणे हा मला अक्षम्य प्रकार वाटतो. पुळणीवर गाडी घालणे आणि सोबतचे कुत्रे मोकळे सोडणे याने होणारे नुकसान त्याहूनही मोठे आहे.

बंदरावरचे कुरव आणि सुरय

भरती उतरू लागली की जोग खाडीवरचा पूल ओलांडून हर्णै बंदराकडे यावे. बंदरात मासळी उतरते आणि लिलाव होतो, आणि हिवाळ्यात तेथे कुरवांची मोठी गर्दी असते. बहुसंख्य पक्षी तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव असतात. हिवाळ्यात दोघांच्याही डोक्यावरचा गडद रंग नाहीसा होऊन कानामागे केवळ एक ठिपका उरतो, म्हणून नावावर विसंबू नये आणि पंख पाहावेत. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखांची टोके काळी असतात आणि प्रौढ पक्ष्यात त्या काळ्यात पांढरे ठळक ठिपके असतात. त्याचा डोळाही फिका असतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड बाहेरच्या भागात लांब पांढरी पाचर असल्यासारखी दिसते आणि डोळा गडद असतो. वाऱ्यावर हे पक्षी बंदराच्या धक्क्याशी डोळ्यांच्या पातळीवर तरंगत राहतात, त्यामुळे पंखांचा अभ्यास करायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. त्यांच्यात एखादा बराच मोठा, पिवळ्या चोचीवर काळा-तांबडा पट्टा असलेला पलास कुरव किंवा गडद करड्या पाठीचा ह्युग्लिनचा कुरव असतो का, ते पाहावे.

सुरय कुरवांपेक्षा सडपातळ असतात, पंख टोकदार आणि शेपटी बहुधा दुभंगलेली. उडताना त्यांची चोच खाली पाण्याकडे वळलेली असते, आणि मासा दिसला की ते हवेत क्षणभर थांबून सूर मारतात. मोठ्या सुरयांची ओळख चोचीच्या रंगावरून होते : मोठ्या तुरेवाल्या सुरयाची चोच पिवळी, लहान तुरेवाल्याची नारिंगी, सँडविच सुरयाची काळी आणि टोकाला पिवळी, तर कॅस्पियन सुरयाची जाडजूड आणि लालभडक.

हर्णैच्या भूशिरावर, सुवर्णदुर्गाच्या समोर, कनकदुर्गाची टेकडी आहे. वारा जोर धरण्यापूर्वी तेथे थोडा वेळ बसून समुद्र न्याहाळावा. लाटांचे शेंडे पांढरे झालेले नसतील तोपर्यंतच हंपबॅक डॉल्फिन दिसण्याची आशा धरावी. हे डॉल्फिन उथळ किनारी पाण्यात लहान गटांनी फिरतात. पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर छोटा पर असा आकार सावकाश वर येऊन बुडतो. तुरळक शेंडे फुटू लागले की वारा ताशी १२ ते १९ किलोमीटरच्या घरात असतो, आणि सगळीकडे पांढरे दिसू लागले की तो २० च्या पुढे गेलेला असतो. अशा पाण्यात पर आणि लाट यांतला फरक कळत नाही. तेव्हा पाणी सोडून आकाशाकडे पाहावे, कारण कड्यावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यावर शिकारी पक्षी पंख न हलवता तरंगतात. ब्राह्मणी घारी तर हमखास असतात. समुद्री गरुड दिसला तर तो पांढरे पोट, करडी पाठ, आखूड पाचरीसारखी पांढरी शेपटी आणि घिरट्या घालताना वर उचलून धरलेले पंख यांवरून दुरूनही ओळखू येतो. तो मासे आणि समुद्री साप पकडतो आणि किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर काटक्यांचे प्रचंड घरटे वर्षानुवर्षे वापरतो. घरट्याची जागा कळली तरी ती समाजमाध्यमांवर टाकू नये आणि झाडाखाली जाऊ नये. हिवाळ्यात येणारा ऑस्प्री याहून सडपातळ असतो, त्याच्या डोळ्यातून मागे काळा पट्टा जातो, आणि तो पाय पुढे करून पाण्यात झेपावतो.

दुपारची खाडी

बारा ते दीड विश्रांतीला द्यावेत. त्यानंतर पुन्हा जोग खाडीवर येऊन पुलाजवळ किंवा पश्चिमेकडच्या काठावर, रहदारीला अडथळा होणार नाही अशी जागा घ्यावी. समोर ओहोटीचा चिखल आणि त्यामागे तिवरांची खारफुटी असते. कर्ल्यू आणि व्हिम्ब्रेल हे दोन्ही मोठे, तपकिरी आणि खाली वाकलेल्या चोचीचे पक्षी येथे चरतात. व्हिम्ब्रेलची चोच त्यामानाने आखूड असते आणि डोक्यावर गडद व फिके पट्टे असतात. लाल पायांचा रेडशँक, हिरवट पायांचा उंच ग्रीनशँक, शेपटी सतत वरखाली करणारा सामान्य तुतवार, आणि वर वळलेल्या चोचीने चिखलावर धावाधाव करणारा टेरेक तुतवार यांना वेगळे करण्यात तास कसा जातो ते कळत नाही. तिवरांच्या फांद्यांवर काळ्या टोपीचा खंड्या बसतो. जोराच्या वाऱ्यात तो उघड्या शेंड्यावर न येता आतल्या, आडोशाच्या फांदीवर असतो, म्हणून खारफुटीची वाऱ्याआडची बाजू आधी तपासावी.

चिखलाच्या कडेला पायाचे ठसेही पाहावेत. पाच बोटे आणि त्यांमधल्या पडद्याची अस्पष्ट खूण असेल, तर तो पाणमांजराचा माग असू शकतो, आणि जवळच्या दगडावर माशांची खवले व कुर्ल्यांच्या कवचाचे तुकडे असलेली विष्ठा मिळाली तर शंका उरत नाही. कोल्ह्याचे ठसे पुळणीवर सकाळी वारा सुटण्यापूर्वीच नीट दिसतात. दुपारी कोरड्या वाळूवरचे सगळे माग पुसले जातात. खाडीच्या चिखलात स्वतः उतरू नये. तो कोठे खोल आहे हे स्थानिकांनाच ठाऊक असते.

संध्याकाळी पुळणीवर परतलात, तर भरतीच्या रेषेने सावकाश चालावे. बुडबुड्या खेकड्यांनी बिळाभोवती मांडलेल्या वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी पायाखाली न तुडवता पाहावी. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आंजर्ले, केळशी आणि मंडणगड तालुक्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले संरक्षित घरट्यांतून समुद्रात जाताना पाहता येतात. वेळासला हे संवर्धनाचे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये सुरू केले, आणि गावकऱ्यांच्या सहभागाने ते किनाऱ्यावरच्या इतर गावांत पोहोचले. पिल्लांसमोर टॉर्च किंवा फ्लॅश लावू नये, त्यांना हात लावू नये आणि कासवमित्रांनी (घरट्यांची राखण करणाऱ्यांनी) आखलेल्या दोरीच्या आत जाऊ नये. पिल्ले उजेडाच्या दिशेने वळतात, आणि चुकीचा उजेड त्यांना पाण्यापासून दूर नेतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार या कासवांना सर्वोच्च संरक्षण आहे.

पावसाळ्यातील वारा

जून ते ऑगस्ट या महिन्यांतील नैर्ऋत्येचा वारा वेगळीच पाहुणी मंडळी किनाऱ्यावर आणून टाकतो. खोल समुद्रावर राहणारे बूबी, शिअरवॉटर, वादळी पेट्रेल, तपकिरी पाठीचे सागरी सुरय हे पक्षी सलग वादळी दिवसांनंतर थकून पुळणीवर येतात. अशा दिवशी लाटांच्या जवळ किंवा निसरड्या कातळावर जाऊ नये. उंच, सुरक्षित आडोशातून पाहावे किंवा पाऊस थांबल्यावर सुरूच्या बनाकडून पुळण न्याहाळावी. थकलेला पक्षी सापडला, तर तो पुन्हा समुद्रात भिरकावू नये. हवेसाठी भोके असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली कापड घालून, शांत आणि अंधाऱ्या जागी ठेवावे, बळजबरीने पाणी किंवा मासे भरवू नयेत आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. उचलताना अंगावर टॉवेल टाकून धरावे आणि बूबीच्या चोचीपासून डोळे जपावेत. याच वाऱ्याने ब्लू बॉटल नावाचे निळे, फुग्यासारखे दिसणारे जीवही किनाऱ्याला लागतात. त्यांच्या लांब धाग्यांचा दंश वाळूत पडल्यानंतरही होतो, म्हणून अनवाणी चालू नये आणि मुलांना ते उचलू देऊ नये. जाळ्यातून टाकून दिलेला समुद्री साप मेलेला वाटला तरी त्याला हात लावू नये. तो विषारी असतो.

नोंदी

पुळण, बंदर आणि खाडी यांची यादी एकत्र करू नये. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा वहीत तीन वेगळ्या याद्या ठेवाव्यात आणि प्रत्येकीला सुरुवातीची वेळ, किती वेळ थांबलो, भरती चढती की उतरती, वारा कोणत्या दिशेचा आणि लाटांवर पांढरे शेंडे होते की नाही, एवढे लिहावे. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी नेमके मोजावेत, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत धरावी आणि तेवढ्या जागा थव्यात किती बसतात ते पाहावे. बसलेला थवा उडत्या थव्यापेक्षा नेहमीच अचूक मोजता येतो. ज्याची ओळख पटली नाही, तो ‘वाळू चिखल्या, प्रकार अनिश्चित’ असा लिहिण्यात काहीच कमीपणा नाही, आणि चुकीच्या नावापेक्षा अशी नोंद पुढच्या अभ्यासकाला कितीतरी अधिक उपयोगी पडते. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेसाठीही हीच पद्धत चालते. एकाच किनाऱ्यावर दर महिन्याला किंवा दर वर्षी जाणार असाल, तर तारखेपेक्षा तिथी सारखी ठेवावी, म्हणजे भरती जवळपास त्याच वेळी येते आणि एका वर्षीचे आकडे दुसऱ्या वर्षीच्या आकड्यांशेजारी मांडता येतात.